पोटात राहिलं

सत्यशीलानं वहीच्या पानावर दोन रकाने पाडलेत.
एकावर लिवलंय राहिलं, दुसऱ्यावर पडलं.
बारावी सायन्सची पोरगी,
पट्टी लावल्याबिगर रेघ मारत नाही.

पहिल्या दिवसाचं पान बघा:
सकाळी सहा. दोन घोट पाणी. पडलं.
साडेसहा. एक घोट. पडलं.
सात. बाबा म्हणले काही नको.
सव्वासात. नुसतंच पिवळं.

राहिलंचा रकाना कोरा,
आषाढ लागल्यावर बँडचं ऑर्डरबुक असतं तसा.

परभणीचा सरकारी दवाखाना, वरचा मजला,
बारा खाटांचा हॉल.
हात थरथरायलेत, घाम येतो तो गार.
आत कोणीतरी ओला टॉवेल पिळायलंय
आणि पीळ सुटला की पळा संडासाकडं
सलाईनची बाटली झेंड्यावानी वर धरून.

तीस वर्षं ट्रंपेट वाजवलं, पूर्णेच्या नवरंग ब्रास बँडात.
उस्ताद म्हणायचे, गालानं फुंकू नको,
फुंक बेंबीच्या खालून काढ.
तिथंच मी ओतत गेलो.
आधी वरातीपुरती,
मग वरात नसली तरी,
शेवटी तोंड धुवायच्या आधी,
कारण तिच्याबिगर चहासुद्धा आत टिकंना.
चार महिन्याखाली घरीच बंद केलती,
एकदम, कोणाला न विचारता.
दुसऱ्या राती झटका आला, जीभ चावली.
पोरीनं ते बघितलं.
म्हणून ह्या टायमाला इथं.

खिल्लारे सिस्टर आधी जीवनसत्त्वाची सुई देती,
मग पाणी. गिलास हातात देत नाही.
"चमच्यानं," म्हणती, "पाच मिनिटाला एक."
म्हणलं, सिस्टर, मी काय चिमणीचं पिल्लू हाय?
"पिल्लू परवडलं. त्याला चोच मिटायची कळती."

चमचा सत्यशीला धरती.
पुडीतल्या मीठ-साखरेचं पाणी,
चव आसवाची, जराशी गोड.
मोबाईलवर पाच मिनिटं लावती
आणि तेवढ्यात एक परिच्छेद वाचती.
"रिकामं जठर मुठीएवढं असतं, बाबा."
मी मूठ वळून बघतो.
मूठ एका जागी थांबत नाही.

तिसऱ्या राती भिंतीवरून मुंग्या उतरल्या,
रांगेनं, गळ्यात ताशे.
शेजारच्या शब्बीरमामूला म्हणलं, पाय वर घे.
मानवतचा माणूस. त्याच्या मुंग्या
गेल्या हप्त्यातच निघून गेलत्या.
हसला नाही. उठला, सिस्टरला घेऊन आला.
तिनं डॉक्टरला बोलावलं, औषध वाढलं,
मग उलटीच्या भांड्यात बॅटरी मारली.
"काळं नाही, लाल नाही. बरं."
माझ्यातल्या कशाला तरी कोणी बरं म्हणलं,
लई दिवसांनी.

चौथ्या दिवशी तांदळाची पेज, चिमूटभर मीठ.
राहिली.
दुपारी अर्धं केळ. राहिलं.
पहाटं एकदा पळालो, तेही लिवलं तिनं,
किती वेळा, कसं, सगळं.
बापाचं असलं लिवायला लाजली नाही.
मी लाजलो, पहिल्यांदाच.

सहाव्या दिवशी शब्बीरमामूच्या बायकोनं डबा उघडला.
ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
वरून लसणाचं तेल.
वास आला आणि पोटात काहीतरी बोललं.
मळमळ नव्हती. पीळ नव्हता.
घाबरून म्हणलं, सिस्टर, कसंतरीच व्हायलंय.
तिनं हात ठेवला, जरा थांबली.
"अहो, भूक हाय ती."

अंबाडी नाही मिळाली.
भाकरीचा पापुद्रा मिळाला, दुधात कुस्करून.
एवढं मऊ, तरी मी चावत बसलो.

वही निघाली तसं म्हणलं, आण, आज मी लिवतो.
अक्षर असं, की मुंग्याच कागदावर आल्या परत.
आणि रकाना चुकला.
पडलंच्या खाली लिवून बसलो, राहिलं.
तिनं खोडलं नाही.
पट्टी घेतली, एक बाण काढला
ह्या रकान्यातून त्या रकान्यात.

तिच्या मायनं क्लासच्या फीला दिलेले बारा हजार
मी भरलेच नाहीत,
हे अजून पोटातच हाय.
उद्या सांगतो.
आधी सकाळची पेज राहू दे.